आधी माणसे, मग पत्र : ‘मूकनायक’ ते ‘जनता’ या दहा वर्षांचा व्यवहार

‘मूकनायक’चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, ही तारीख आपल्या बहुतेक कार्यकर्त्यांना पाठ आहे. दरवर्षी त्या दिवशी सभा होतात, व्याख्याने होतात, प्रतिमेला हार घातले जातात. पण ‘मूकनायक’ बंद कधी पडला आणि का पडला, असे त्याच सभेत कोणी विचारले तर व्यासपीठावर एकदम शांतता पसरते. जन्मतारखा जपणारा आणि मृत्यूचे दाखले हरवणारा असा आपला इतिहास झाला आहे. त्याला कारणही आहे. दलित पत्रकारितेचा इतिहास आपण अग्रलेखांचा इतिहास म्हणून लिहिला. बाबासाहेब काय म्हणाले ते पुन्हा पुन्हा छापले. ते म्हणणे कागदावर उतरवायला कागद कोणी आणला, छापखान्याची बाकी कोणी भागवली, टपालाचे तिकीट कोणाच्या खिशातून लागले, हे प्रश्न जणू आपल्या प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते.

वस्तुतः पत्र हा एक धंदाच असतो. हा शब्द ऐकून दचकण्याचे कारण नाही. १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जन्मदिनाच्या व्याख्यानात बाबासाहेबांनी या देशातली पत्रकारिता एके काळी व्रत होती, आता ती साबण तयार करण्यासारखा व्यापार झाली आहे, अशा अर्थाची कठोर टीका केली होती. त्या टीकेचा रोख नीतिशून्यतेवर होता, हिशेबावर नव्हता. हिशेब त्यांना चांगला कळत होता. ते अर्थशास्त्राचे विद्वान होते. आणि स्वतःच्या तीन पत्रांतून, दहा वर्षे ठेचा खात, ते जे शिकले ते आजच्या कोणत्याही नव्या उद्योगाला लागू पडेल असे आहे. आज आपल्या मुलांना ‘नोकऱ्या मागू नका, उद्योजक व्हा’ असे सांगणारी व्यासपीठे पुष्कळ झाली आहेत. भांडवल कुठून आणावे, हे तिथे तपशिलाने सांगितले जाते. भांडवलाच्या आधी काय लागते, ते सांगताना मात्र आपल्याच इतिहासाकडे कोणी बोट दाखवत नाही.

प्रथम प्रस्थापितांकडे पाहू. ‘केसरी’ ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला आणि टिकला. तो टिळक-आगरकरांच्या लेखणीच्या तेजाने टिकला, असे आपल्याला शाळेत शिकवले गेले. लेखणीत तेज होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याआधी सात वर्षे, १८७४ पासून, विष्णुशास्त्री चिपळूणकर ‘निबंधमाला’ चालवीत होते. मराठी गद्य विकत घेऊन वाचणारा, त्यासाठी वर्गणी पाठवणारा, त्यावर चर्चा करणारा एक वर्ग त्या मालेने घडवून ठेवला होता. १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल निघाले, म्हणजे विद्यार्थी आले, त्यांचे पालक आले. पत्र निघाले ते त्यानंतर एका वर्षाने. शिवाय गावोगावचे वकील, मास्तर, मामलेदार कचेरीतले कारकून हे शिकलेले होते, एका जातीचे होते आणि नात्यागोत्याचे होते. ‘केसरी’ला वाचक शोधायचा नव्हता, तो दाराशी उभा होता. जातिव्यवस्थेने काहींना जी न मागता दिलेली ठेव असते, तीत हीही एक ठेव होती. तिची नोंद कोणत्याही जमाखर्चात सापडत नाही.

ज्यांना ही ठेव नव्हती त्यांना ती हाताने घडवावी लागली. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. कृष्णराव भालेकरांचा ‘दीनबंधु’ निघाला १ जानेवारी १८७७ रोजी. मधल्या सव्वातीन वर्षांत खेड्यापाड्यांत पुरोहिताशिवाय लग्ने लागत होती, सभा होत होत्या. म्हणजे पत्राच्या आधी समाज होता, आणि तरीही ‘दीनबंधु’ पुण्यात तगला नाही. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईला नेला तेव्हा त्याला गिरणगावात पाय रोवता आले. पुढे १९१० मध्ये मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ सुरू केला आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून तो १९६७ पर्यंत चालवला. शहरातल्या कित्येक पत्रांना जे जमले नाही ते एका खेड्यातल्या पत्राला कसे जमले, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. त्याचे उत्तर सत्यशोधकांच्या गावोगावच्या जाळ्यातच सापडेल, असे मला वाटते.

अस्पृश्यांची गोष्ट याहून कठीण होती. गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन कोकणात आले, लिहू लागले, तेव्हा त्यांना ‘दीनबंधु’च्या दारी जावे लागले; स्वतःचे पत्र नव्हते. कोकणातले, विशेषतः दापोलीकडचे लष्करी पेन्शनर हा आपल्यातला पहिला वाचणारा वर्ग. पलटणीच्या शाळेत त्यांना अक्षर कळले होते. इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा एक नोकरी गेली, एवढेच झाले नाही. आपला वाचक घडवणारी शाळाच बंद झाली. पुण्यात शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०२ मध्ये सासवडला गावोगावच्या महारांची सभा भरवली, सरकारकडे अर्ज केला, संस्था काढली आणि मग १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ काढला. क्रम पाहा: सभा, अर्ज, संस्था, मग पत्र. मुरळी सोडण्याच्या अघोरी प्रथेवर या पत्राने आघाडी उघडली, तेव्हा प्रत्यक्ष मुरळ्यांपर्यंत त्याचा आवाज गेला. तरी काही वर्षांतच ते बंद पडले. नागपूरकडे किसन फागूजी बनसोड्यांनी एकामागून एक पत्रे काढली. तीही अशीच निघाली आणि बंद पडली.

बाबासाहेबांना हे सर्व ठाऊक होते. ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकातल्या ‘मनोगत’ या अग्रलेखात त्यांनी आधीच्या या पत्रांची नावे घेतली, ती जन्मली आणि लयाला गेली हे नमूद केले, आणि आपले पत्र टिकणे हे वर्गणीदारांच्या पाठिंब्यावर अवलंबून राहील हेही सांगून टाकले. म्हणजे पहिल्या दिवशी, पहिल्या अग्रलेखात, धोक्याची जाणीव होती. पण जाणीव असणे वेगळे आणि तयारी असणे वेगळे.

‘मूकनायक’च्या पाठीशी काय होते? कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांमुळे शाहू महाराजांशी भेट झाली होती आणि महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम या सरकारी कॉलेजात प्राध्यापक, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे. अग्रलेख बाबासाहेबांचे. परळच्या पोयबावडीत कचेरी. पत्र निघते आहे हे जगाला कळावे म्हणून ‘केसरी’कडे जाहिरात पाठवली, तर पैसे देऊ केले असतानाही ती छापायला नकार मिळाला. या नकाराची कथा आपण टिळकपक्षाच्या संकुचितपणाचा पुरावा म्हणून सांगतो, आणि तो पुरावा आहेच. पण तिच्यात दुसरीही एक गोष्ट दडलेली आहे. आपले पत्र निघाले हे आपल्याच माणसांना कळवण्यासाठी त्या वेळी ‘केसरी’च्या पानाची गरज वाटत होती. वस्तीवस्तीतून निरोप पोचवणारे स्वतःचे जाळे तेव्हा उभे नव्हते. ज्याला ‘केसरी’ने नाकारले त्याचा खरा तोटा जाहिरातीचा नव्हता.

१९२० च्या मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, मे अखेरीस नागपूरची. या दोन परिषदांतून वाचक मिळायला सुरुवात झाली होती. पण ५ जुलैला बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला निघाले. पत्र ज्ञानदेव घोलपांच्या हाती आले. पुढे हिशेबावरून आणि धोरणावरून कटुता झाली, आणि १९२३ मध्ये ‘मूकनायक’ मुका झाला. दोष कोणाच्या माथी मारायचा यावर आपल्यात अजूनही वाद होतात. मला तो वाद निष्फळ वाटतो. राजाचे भांडवल, एका विद्वानाची लेखणी आणि उसना संपादक, अशा तीन खांबांवर ते पत्र उभे होते. चौथा खांब समाजाचा, तो रोवायला वेळच मिळाला नव्हता. लेखणी लंडनला गेली आणि छप्पर कलले. शाहू महाराजांच्या मदतीला कमी लेखण्याचा हेतू येथे नाही. त्या मदतीवाचून आरंभच झाला नसता. पण आश्रयदाता एकदा देतो, वर्गणीदाराला दरवर्षी द्यावेसे वाटावे लागते. हा फरक आहे.

आता १९२३ मध्ये परत आलेल्या बाबासाहेबांनी काय केले ते पाहावे. त्यांनी लगेच दुसरे पत्र काढले नाही. चार वर्षे काढले नाही. या चार वर्षांकडे चरित्रकार घाईने पाहतात, कारण त्यांत गाजणारे काही नाही. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा झाली, २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. अध्यक्षपदी सर चिमणलाल सेटलवाड, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह निघाले. मुंबईत मोफत वाचनालय निघाले. आणि महार हॉकी क्लब निघाला! क्रांतीच्या इतिहासात हॉकी क्लब कुठे बसवायचा, असा प्रश्न आपल्या व्याख्यात्यांना पडतो आणि ते तो वगळतात. पण दारूच्या गुत्त्याकडे आणि जुगाराच्या पटाकडे जाणारा तरुण संध्याकाळी मैदानावर येऊ लागला, तिथून वाचनालयात येऊ लागला, की त्याचे नाव-गाव-चाळ कार्यकर्त्याला ठाऊक होते. वाचनालयात येणारा माणूस उद्याचा वर्गणीदार असतो. वसतिगृहातला मुलगा सुट्टीत गावी जातो तेव्हा गावाला वाचणारा तोंडभर माणूस मिळतो.

मग महाड. ४ ऑगस्ट १९२३ चा रावबहादुर बोल्यांचा ठराव कौन्सिलात मंजूर होऊन कागदावर पडला होता. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरवावी म्हणून रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सोबती गावोगाव फिरले. पेन्शनरांना भेटले, वर्गणी गोळा केली, शिधा गोळा केला. परिषदेला जमलेल्या हजारो लोकांना पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले होते. तळे समोर आणि पाणी विकत. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद झाली, लोक चवदार तळ्यावर गेले, परतताना मार खाल्ला.

‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ चा आहे. अवघ्या चौदा दिवसांनी! हा योगायोग नव्हे. डोकी फुटलेली माणसे गावी परतली होती. काय झाले, कोणी मारले, खटल्याचे काय, पुढे काय करायचे, हे त्यांना जाणून घ्यायचे होते, आणि ते खरेपणाने सांगणारे दुसरे एकही पत्र नव्हते. १९२० साली पत्राने वाचकाला हाक मारली होती. १९२७ साली वाचकच पत्राची वाट पाहत होता. दोन पत्रांच्या जन्मातला हा फरक ज्याला कळला त्याला चळवळीची त्या सात वर्षांतली वाटचाल कळली.

येथेच लेख संपवता आला असता तर फार सोपे झाले असते. आधी माणसे जोडली, मग पत्र काढले, आणि पत्र भरभराटीला आले, असे लिहिता आले असते. पण ‘बहिष्कृत भारत’ही १५ नोव्हेंबर १९२९ ला बंद पडले. माणसे होती, जागृती होती, महाडचे दुसरे पर्व झाले होते, मनुस्मृती जळली होती, आणि तरीही पत्र बंद पडले. हे का झाले?

पाठीराखा आणि ग्राहक ही एकच व्यक्ती असते असे आपण गृहीत धरतो. आपल्या समाजात ती एक नसते. महाडला डोके फोडून घेणारा माणूस पत्रासाठी जीव देईल, पण वर्षाची वर्गणी एकरकमी देऊ शकेलच असे नाही, कारण एकरकमी म्हणावी अशी रक्कम त्याच्या हाती कधी येतच नाही. मुंबईतला आपला वाचक गिरणीत होता. गिरणीत विणकाम खात्याला मजुरी बरी. पण तुटलेला धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागतो, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा दुसरा हातात घेणार कसा? म्हणून ते खाते आपल्याला बंद होते. म्हणजे वर्गणीदाराच्या पगारातच जातीने आधी कात्री लावलेली होती. त्यात १९२८ चा गिरणी संप आला, एप्रिलपासून सहा महिने गिरण्यांची धुराडी थंड राहिली. ज्या घरात चूल पेटत नाही त्या घराकडून पाक्षिकाची बाकी कशी वसूल करायची? शिवाय वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास, ही आपल्या वस्तीची रीत. चाळीच्या जिन्यावर, दिव्याखाली एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. विचाराच्या दृष्टीने ही रीत थोरच. तिच्यामुळे एक अंक अख्ख्या वस्तीचा होतो. पण छापखान्याच्या वहीत त्या पन्नास जणांची किंमत एका अंकाची.

दुसरे कारण याहून अवघड होते. सगळे काम एकट्या बाबासाहेबांवर पडले होते. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ असा अग्रलेख आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने तो एकदा तरी वाचावा. अंकाचे चोवीस चोवीस रकाने त्यांना एकहाती भरावे लागत होते. वकिली, कॉलेज, कौन्सिल, सत्याग्रह, खटले, आणि त्यावर हे. मोबदला नाही, मदतनीस नाही. ज्या समाजासाठी हे चालले होते त्या समाजापुढे त्यांनी कर्जाचा प्रश्न उघडपणे मांडला. आपल्याकडे नेत्याने पैशाविषयी बोलणे कमीपणाचे समजतात. बाबासाहेबांना ते तसे वाटले नाही. मागायचे ते आपल्याच माणसांकडे मागायचे, हिशेबासह मागायचे, आणि छापून मागायचे, हा त्यांचा बाणा होता.

या दुसऱ्या अपयशातून जे निष्पन्न झाले ते मला पहिल्या यशापेक्षा मोलाचे वाटते. ४ सप्टेंबर १९२७ ला समाज समता संघ स्थापन झाला होता आणि त्याचे ‘समता’ हे पत्र २९ जून १९२८ पासून देवराव नाईकांच्या संपादकत्वाखाली निघत होते. म्हणजे बाबासाहेबांच्या लेखणीवाचून अंक काढण्याचा सराव असलेली मंडळी तयार होत होती. नाईक होते, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे होते, अनंतराव चित्रे होते, भास्करराव कद्रेकर होते. (यांतले काही जन्माने स्पृश्य होते, याचा पुढे आपल्यातल्याच काहींना विसर पडला.) त्याचबरोबर भारतभूषण छापखाना हा चळवळीचा स्वतःचा छापखाना उभा राहिला. दुसऱ्याच्या छापखान्यात छपाईची बाकी थकली की मालक मजकूर अडवून ठेवतो. आपल्या छापखान्यात बाकी आपलीच असते. पुढे हा छापखाना बुद्धभूषण झाला. दादरची ती वास्तू २५ जून २०१६ च्या पहाटे पाडण्यात आली, त्या वेळी रस्त्यावर उतरलेल्या लोकांपैकी किती जणांना तो छापखाना कशासाठी आणि किती अडचणींतून उभा राहिला हे ठाऊक होते, असा प्रश्न मनात आल्याशिवाय राहत नाही.

वाचकांचा प्रश्नही हळूहळू वेगळ्या वाटेने सुटत गेला. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि खानदेशापासून कोकणापर्यंतची माणसे एका ठिकाणी आली. आपापल्या गावी परतताना ती पत्ते घेऊन गेली, निरोप घेऊन गेली. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरू लागले; ज्याला अक्षर येत नव्हते त्याच्यापर्यंत अग्रलेखातला मजकूर ढोलकीवर पोचू लागला. आपण जलशाला कला म्हणून गौरवतो. ते पत्राचे हातपायही होते.

यानंतर चार दशकांनी तेव्हाच्या औरंगाबादेत दलित लेखकांची त्रैमासिके निघाली तेव्हाही हाच क्रम दिसतो. १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय निघाले, त्यातून शिकलेली पिढी बाहेर पडली, आणि मग १९६७-६८ च्या सुमारास ‘अस्मिता’ आणि ‘अस्मितादर्श’ला लेखक आणि वाचक एकदमच मिळाले. लेखक-वाचक मेळावे ही पुढची पायरी होती. याउलट दोन अंक काढून तिसऱ्याला गेलेल्या किती नियतकालिकांची नावे आपण सांगू शकू! मी स्वतः तरुणपणी अशा एकाचा सहसंपादक होतो. आम्ही मुखपृष्ठावर दोन महिने चर्चा केली होती आणि वर्गणीदारांची वही विकत आणली ती पहिला अंक छापून आल्यानंतर. उरलेले गठ्ठे माझ्या घरी माळ्यावर पुष्कळ वर्षे होते.

आता ‘जनता’कडे यावे. ४ ऑक्टोबर १९३० ला बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघाले. दहा वर्षांपूर्वी ते असेच निघाले होते आणि मागे पत्र खचले होते. या वेळी ते बोटीवर चढले तेव्हा मागे चालू असलेले असे त्यांचे एकही पत्र नव्हते. ‘बहिष्कृत भारत’ बंद पडून वर्ष होत आले होते. १२ नोव्हेंबरला लंडनमध्ये परिषदेचे उद्घाटन झाले. २४ नोव्हेंबरला मुंबईत ‘जनता’चा पहिला अंक बाहेर पडला. संपादक देवराव नाईक. गोलमेज परिषदेत आपला माणूस काय बोलतो आहे हे चाळीचाळीतून, खेड्याखेड्यांतून लोकांना ऐकायचे होते, आणि ते त्यांना आपल्या पत्रातून ऐकायला मिळाले.

पुढच्या वर्षी बाबासाहेब दुसऱ्या गोलमेज परिषदेला गेले. तिथे गांधीजींशी त्यांची जाहीर टक्कर चालू होती, इकडची बहुतेक पत्रे त्यांच्यावर तुटून पडली होती, आणि ते १९३२ च्या जानेवारीअखेरपर्यंत परतणार नव्हते. त्यांच्या त्या गैरहजेरीतच, ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी, ‘जनता’ पाक्षिकाची साप्ताहिक झाली.